डोके कुणाचे, डाव कुणाचा?

पोळा आला की भंडारा जिल्ह्यात गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात आणि एक-दोन दिवसांत वर्तमानपत्रात धाडीची छोटी बातमी येते. पैशाचा नाद नसलेल्या घरांतही रमी असतेच. तिथे एखादे काका असे असतात, की कुणी कोणते पान टाकले हे त्यांना शेवटपर्यंत पाठ असते. त्यांना कुणी लबाड म्हणत नाही. फार तर त्यांच्यासमोर बसायचे टाळतात. पण हेच काम मांडीवर लपवलेल्या मोबाइलने केले तर?

प्रश्न पोरकट वाटेल. पण रमीची अब्रू वाचली ती याच पाठांतरामुळे. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, जुळणीला कसब लागते. म्हणून ती तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. हे लक्षात ठेवणे यंत्राकडे सोपवले, तर खेळणाऱ्याकडे उरते काय? पैसे लावणे!

पोकरवाले म्हणतात, आमचा खेळ मुळात गणिताचाच. हातात दोन बदाम, टेबलावर उघडलेल्या तीन पानांत आणखी दोन. न दिसलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे पुढचे पान बदाम निघण्याची शक्यता पाचात एकाहून किंचित कमी. हा हिशेब बोटांवर केला काय नि यंत्रावर केला काय? इथवर त्यांचे म्हणणे मान्य. घरी यंत्रासमोर बसून सराव केला, तर तो अभ्यासच. पण आजची यंत्रे हिशेबापाशी थांबत नाहीत. २०१७ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस'ने चार कसलेल्या खेळाडूंना १,२०,००० डावांच्या लढतीत हरवले. हूल कधी द्यायची, हेही यंत्रच ठरवत होते. असा सल्लागार डाव चालू असताना कानाशी लागला, तर आपण ज्याच्याशी खेळतो आहोत असे समोरच्याला वाटते, तो माणूस डावात नसतोच. आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. फसवणूक आहे ती इथे.

२०२१ साली करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या ऑनलाइन बुद्धिबळात उद्योजक निखिल कामत यांनी विश्वनाथन आनंद यांच्यावर मात केली, आणि लगेच संगणकाची मदत घेतल्याची कबुली देऊन दिलगिरीही व्यक्त केली. तिथे निदान कुणाचा खिसा कापला गेला नाही.

पण ज्याचे टेबल, त्यानेच यंत्र बसवले तर? नोव्हेंबर २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने एका गेमिंग कंपनीवर नेमका हाच आरोप ठेवला: ग्राहकांना न सांगता त्यांना संगणकाशी पैशाने खेळवले. लांब कशाला, १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या गोंदियाचे नाव २०२३ मध्ये गाजले. तिथल्या एका बुकीच्या बनावट ॲपवर ५८ कोटी गमावल्याची तक्रार नागपूरच्या व्यापाऱ्याने केली होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब, हा भेदच ठेवला नाही. कंपन्यांनी त्यावर हक्काची हाकाटी केली. मला मात्र वाटते, पडद्यापलीकडे कोण बसले आहे हे कळेनासे झाले, तेव्हाच तो भेद निकालात निघाला होता.

पाठांतरवाल्या काकांना याचे सोयरसुतक नाही. डावात त्यांचा मोबाइल एकदाच बाहेर निघतो, जेवायला उशीर होईल हे घरी कळवायला.