अविनाशी रसायनांचा जमाखर्च

ज्या पदार्थांच्या निर्मितीचा माणसाला एकेकाळी मोठा अभिमान वाटला, त्याच पदार्थांचा निकाल कसा लावावा या विवंचनेत आज जगातील नामांकित प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. कार्बन आणि फ्लोरीन या दोन मूलद्रव्यांच्या बंधातून घडविलेल्या हजारो कृत्रिम रसायनांच्या एका कुळाला शास्त्रज्ञ ‘पीएफएएस’ या आद्याक्षरांनी ओळखतात. वृत्तपत्रांनी त्यांना ‘अविनाशी रसायने’ असे नाव दिले आहे. अन्न न चिकटणारा तवा, पाणी न शिरणारा अंगरखा, तेल न शोषणारा कागद, विमानतळावर आग विझविणारा फेस, या सर्वांमागे हेच कूळ आहे. गेल्या काही वर्षांत या कुळाविषयी द्रव्ये घडविणाऱ्या रसायनशास्त्रात, पर्यावरणशास्त्रात आणि वैद्यकात जे संशोधन झाले, ते शेजारी शेजारी ठेवून वाचले असता एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानात येते. या पदार्थांची जमा एका शास्त्राच्या वहीत लिहिली गेली आणि खर्च उरलेल्या दोन शास्त्रांच्या वह्यांत पडला. आणि या वह्या एकमेकींशी ताडून पाहण्याची जबाबदारी कित्येक दशके कोणावरच नव्हती.

या कथेचा आरंभ एका अपघाताने झाला. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनज्ञ शीतयंत्रांत वापरावयाच्या वायूंवर काम करीत होता. वायू भरून ठेवलेल्या एका नळकांड्याची तोटी उघडली, तर वायू बाहेर येईना. वजन केले, तर नळकांडे भरलेलेच. ते करवतीने कापल्यावर आत पांढरी, मेणचट भुकटी सापडली. तीच पुढे ‘टेफ्लॉन’ या नावाने जगभर गेली. तिला आम्ल खाईना, उष्णता सहजी वितळवीना, काही चिकटेना. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पात युरेनियमच्या अतिदाहक वायूला तोंड देण्यासाठी ती उपयोगी पडली आणि १९५० च्या दशकात ती स्वयंपाकघरात आली. कार्बन-फ्लोरीन बंध हा कार्बनी रसायनशास्त्रातील अत्यंत बळकट बंधांपैकी एक आहे. ऊन, पाऊस आणि जिवाणू मिळून जगातील बहुतेक कचरा कधी ना कधी मोडीत काढतात. या बंधापुढे मात्र त्यांचे फारसे चालत नाही.

आपल्या पुराणांतील असुर तपश्चर्या करून अमरत्वाचा वर मागत, आणि देव तो देताना कोठेतरी एक फट ठेवीत. विसाव्या शतकातील रसायनशास्त्राने वर दिला, पण फट ठेवण्याचे भान त्याला राहिले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, म्हणजे वाचक घरातला तवा उचलून उकिरड्यावर टाकणार नाहीत. टेफ्लॉन हे मोठ्या रेणूंचे बहुवारिक बरेचसे निष्क्रिय असते. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या काही कृत्रिम रक्तवाहिन्या त्याचपासून करतात. घात केला तो ते बनविताना सहायक म्हणून वापरलेल्या ‘पीएफओए’सारख्या लहान रेणूंनी. ते पाण्यात विरघळतात, कारखान्याच्या सांडपाण्यातून नदीत आणि धुराड्यातून हवेत जातात, आणि मनुष्याच्या रक्तात शिरल्यावर त्यांचे प्रमाण निम्म्यावर येण्यास दोन ते चार वर्षे लागतात. म्हणजे प्रश्न केवळ वस्तूचा नव्हे, ती वस्तू जेथे बनते त्या गावाचा आहे.

मानवी रक्तात कार्बनशी जखडलेला फ्लोरीन आहे, याची पहिली खूण रोचेस्टर विद्यापीठातील डोनाल्ड टेव्हज यांना १९६८ साली मिळाली होती. ते या रसायनांच्या शोधात नव्हते. रक्तातील फ्लोराइड मोजत असताना हिशेब जुळेना, म्हणून त्यांना संशय आला. पण वैद्यकाच्या वहीतली ही नोंद कारखान्यांच्या परवान्यांपर्यंत पोहोचली नाही. १९८४ साली वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गजवळच्या ड्युपाँट कारखान्याने आसपासच्या वस्त्यांतील नळाचे पाणी तपासले. त्यात पीएफओए आढळले. ते पाणी पिणाऱ्यांना मात्र ते कळविण्यात आले नाही. अखेर ही गोष्ट उजेडात आणली ती कोणा पंडिताने नव्हे, तर विल्बर टेनंट या शेतकऱ्याने. कचराभूमीतून वाहत येणाऱ्या ओढ्याचे पाणी पिऊन त्याची गुरे मरू लागली आणि १९९८ मध्ये तो वकिलाकडे गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या दाव्यात २००४ साली तडजोड झाली, सुमारे ६९ हजार लोकांचे रक्त तपासले गेले, आणि तीन साथरोगतज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ पर्यंत सहा विकारांशी या रसायनाचा संबंध संभवनीय ठरविला. मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणकारी दाह, गरोदरपणातील रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल, हे ते सहा विकार. वापर सुरू झाल्यापासून निष्कर्षापर्यंत सहा दशके लोटली होती.

त्यानंतरच्या संशोधनाने चित्र अधिक गडद केले. २०१२ साली उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ही रसायने अधिक, त्यांच्यात धनुर्वात आणि घटसर्प यांच्या लसींनंतर निर्माण होणारी प्रतिपिंडे कमी, असे त्यात दिसले. २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखविले की तिबेटचे पठार आणि अंटार्क्टिका येथील पाऊस-बर्फातही पीएफओएचे प्रमाण अमेरिकेने त्या वर्षी पेयजलासाठी सुचविलेल्या मर्यादेहून अधिक आहे. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने पीएफओएला मानवास कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातले. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याची मात्रा सांगत नाही. तरी खात्री झाली, ही गोष्ट लहान नव्हे. २०२४ मध्ये अमेरिकेने पीएफओए व पीएफओएस या दोघांसाठी लीटरमागे ४ नॅनोग्रॅम ही बंधनकारक मर्यादा ठरविली. शंभर कोटी लीटर पाण्यात चार ग्रॅम, असा त्याचा अर्थ. इतके सूक्ष्म मोजण्याची विद्या हाती आली, तेव्हा मोजावयाची वस्तू ध्रुवापर्यंत पोहोचून चुकली होती.

आता उपायांकडे पाहू. येथे विज्ञानाची बुद्धिमत्ता थक्क करणारी आहे. या रसायनांना जाळून नष्ट करण्यासाठी फार मोठे तापमान लागते. २०२२ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील विल्यम डिक्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. रेणूच्या भक्कम शेपटाला हात न लावता त्यांनी त्याच्या डोक्यावर, आम्लगटावर, घाव घातला. एका द्रावकात कॉस्टिक सोड्यासह ८० ते १२० अंश सेल्सिअसला तापवताच तो गट गळाला आणि पाठोपाठ अख्खी साखळी उसवत गेली. असुराचे मर्मस्थान अखेर सापडले. मात्र ते कुळातील एका शाखेचेच. पीएफओएसच्या डोक्यावरचा गट वेगळा असल्याने त्याच्यावर हा उपाय लागू पडत नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशामकांवरील एका प्रयोगात असे दिसले की वर्षभर नियमित रक्तदान किंवा रक्तद्रवदान करणाऱ्यांच्या रक्तातील या रसायनांचे प्रमाण घटते. २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखविले की मानवी आतड्यातील काही जिवाणू ही रसायने स्वतःत साठवितात; उंदरांवरील प्रयोगांत ती विष्ठेवाटे बाहेर पडताना आढळली.

या संशोधकांविषयी आदरच वाटतो. परंतु रक्त काढून विष कमी करण्याची पाळी यावी, हा विज्ञानाचा विजय मानावा काय? बैल गेला आणि झोपा केला, अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे झोपा सोन्याचा आहे, एवढाच फरक. आणि झोपा बांधून होईपर्यंत दुसरे जनावर दाराशी उभे असते. पीएफओएची जागा ‘जेनएक्स’ नावाच्या रसायनाने घेतली, आणि २०१७ साली नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन शहराच्या लोकांना कळले की आपल्या पिण्याच्या पाण्यात तेही आहे. नाव पालटले, कूळ तेच राहिले.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजून पान उलटणाऱ्या वाचकाला थोडे थांबण्याची विनंती आहे. इटलीतील व्हिचेंझाजवळ त्रिसिनो या गावी ‘मितेनी’ नावाचा याच कुळातील रसायनांचा कारखाना होता. २०१३ साली त्या परिसरातील पाण्याचे दूषण उघडकीस आले. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या प्रदेशाला त्याची झळ पोहोचली. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. हा निकाल पहिल्या पायरीचा आहे. दरम्यान, त्या कारखान्याची यंत्रसामग्री विक्रीस निघाली तेव्हा ती एका भारतीय उद्योगाने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आली.

यंत्राला पाप चिकटत नाही, आणि लोटे येथे या रसायनांचे दूषण झाले असा आरोप येथे करावयाचा नाही. प्रश्न निराळा आहे. उद्या वाशिष्ठीचे पाणी, दाभोळच्या खाडीतील मासळी किंवा खेड-चिपळूणकडच्या माणसाचे रक्त तपासावयाचे ठरले, तर कोणत्या मर्यादेशी ते ताडून पाहावयाचे? भारतीय मानक संस्थेच्या पेयजलविषयक २०१२ च्या मानकात या कुळाला मर्यादाच नाही. चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम करार भारताने २००६ साली स्वीकारला. त्या कराराच्या यादीत पीएफओएस २००९ मध्ये व पीएफओए २०१९ मध्ये आले. पण २०२० साली केंद्रीय मंत्रिमंडळाने यादीतील ज्या सात रसायनांवरील बंदीला मान्यता दिली, त्यांत या कुळातील एकही नव्हते. मर्यादा नाही म्हणून उल्लंघन नाही, आणि उल्लंघन नाही म्हणून मोजणी नाही, असे हे वर्तुळ आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा येईल की, कोकणातील तरुणाला मुंबईची वाट धरावयास लावण्यापेक्षा कारखाना परवडला. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरसकट बंदी ही कोणाही समंजस माणसाची मागणी नाही. ओझोनच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारातून ‘अत्यावश्यक वापर’ ही कसोटी पुढे आली. तीच येथे लावता येईल. रक्तवाहिनीसाठी या द्रव्याला पर्याय नसेल, तर ते जरूर वापरावे. वड्याच्या कागदासाठी ते अत्यावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. २०२३ साली डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन यांनी युरोपात संपूर्ण कुळावर निर्बंध सुचविला. एकेका रसायनाच्या मागे धावत बसण्यापेक्षा कूळ ओळखावे, हा त्यातला विचार घेण्यासारखा आहे. उरला रोजगार. त्रिसिनोतही रोजगार होताच. कारखाना गेला तेव्हा तो गेला, आणि पाणी बिघडलेले राहिले.

म्हणून मागण्या तीनच, आणि त्या साध्या आहेत. नवे चिवट रसायन बनविण्याचा परवाना मागणाऱ्याने ते पाण्यात व रक्तात कसे ओळखावे याची पद्धत आणि शुद्ध नमुना शासनाच्या प्रयोगशाळेकडे आधी सुपूर्द करावा. उत्पादन सुरू होण्यापूर्वी परिसरातील पाणी, माती आणि स्वेच्छेने देणाऱ्यांचे रक्त यांचे नमुने घेऊन जपून ठेवावेत, म्हणजे पुढे वाद झाल्यास आधीची स्थिती काय होती हे शाबीत करता येईल. आणि पुढील सर्व मोजण्या ग्रामपंचायतीच्या फलकावर, लोकांच्या भाषेत लागाव्यात. १९८४ साली पार्कर्सबर्गच्या लोकांना एवढेच मिळाले असते, तरी पुढची बरीच हानी टळली असती.

आपल्या विद्यापीठांतही या तीन वह्या वेगवेगळ्या कपाटांत आहेत. रसायनशास्त्राचा विद्यार्थी बंधाचे बळ शिकतो, पण तो बंध नदीत किती वर्षे टिकेल हा प्रश्न त्याला परीक्षेत येत नाही. वैद्यकाचा विद्यार्थी मूत्रपिंड शिकतो, पण रुग्ण कोणत्या नळाचे पाणी पितो हे विचारण्याची सवय त्याला कोणी लावीत नाही. शिक्षकांनी मनावर घेतले, तर ही उणीव भरून काढण्यास शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. ज्या कारकुनाने आयुष्यभर जमा आणि खर्च एकाच पानावर, समोरासमोर लिहिले, त्याला या लेखाचा मुद्दा मोठमोठ्या शास्त्रज्ञांहून लवकर पटेल. जो हिशेब केवळ जमा दाखवितो तो हिशेब नव्हे. आणि त्याचा खर्च कोणाच्या तरी रक्तात लिहिला जात असतो.