पुरावा उंबरठ्यावरच हरवतो

३ डिसेंबर २०२४ रोजी चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयात पंतप्रधानांसमोर गुन्ह्याच्या तपासाचे प्रात्यक्षिक सादर झाले. नवे फौजदारी कायदे पूर्णांशाने अमलात आणणारे देशातील पहिले प्रशासकीय क्षेत्र म्हणून शहराचा गौरव झाला. गौरवाला हरकत नाही. हरकत आहे ती त्यातून रूढ होणाऱ्या समजुतीला: तज्ज्ञ आले, चित्रीकरण झाले, म्हणजे तपास वैज्ञानिक झाला.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळभेट आणि चित्रीकरण बंधनकारक आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तरतूद स्वागतार्हच. परंतु तज्ज्ञ तेथे पहिला कधीच पोचत नाही. त्याआधी शेजारी, नातलग, बघे आणि पोलीस अंमलदार आत फिरून गेलेले असतात. १९१० मध्ये लियोंत पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एदमाँ लोकार यांचे तत्त्व विद्यार्थ्यांना पाठ असते: प्रत्येक संपर्क खूण सोडतो. हे तत्त्व गुन्हेगाराइतकेच अंमलदाराच्या बुटालाही लागू आहे, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

मे २००८ मधील नोएडाचे दुहेरी हत्याकांड आठवावे. घरात माणसांची ये-जा मोकाट सुरू राहिली आणि त्याच इमारतीच्या गच्चीवरील दुसरा मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला. पुढे वर्षानुवर्षे तर्कांचे इमले उभे राहिले. पहिल्या दिवशी पुसले गेलेले ठसे कोणतेही यंत्र परत आणू शकले नाही.

लोकप्रिय माध्यमांनी याउलट शिकवण दिली. १९९८ पासून वीस वर्षे चाललेल्या ‘सीआयडी’ मालिकेतील सर्वांत लाडकी कृती कोणती? दार तोडणे! ज्या कडीवर, मुठीवर ठसे असण्याचा संभव, तिच्यावरच लाथ. नंतर प्रयोगशाळेत क्षणार्धात उत्तर. अशा मालिकांमुळे मुले विज्ञानाकडे वळतात, असे म्हटले जाते. वळत असतीलही, पण ज्या विज्ञानात प्रतीक्षा नाही, शंका नाही आणि ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे उत्तरच नाही, ते विज्ञान नव्हे.

वृत्तवाहिन्या तर मनोरंजनाचा बहाणाही करत नाहीत. सुशांतसिंह राजपूत मृत्यूप्रकरणातील वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निर्णय देताना, घटनास्थळ पुन्हा उभारून आरोपीने गुन्हा कसा केला हे दाखवणे टाळावे, असे बजावले. तपास पूर्ण होण्याआधी चित्र तयार झाले की साक्षीदाराची स्मृतीही त्या चित्राप्रमाणे वळू लागते; तीही दूषित झालेला पुरावाच.

याची किंमत कोण मोजतो? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील दुहेरी हत्येच्या खटल्यात फाशी ठोठावलेल्या माणसाला निर्दोष मुक्त केले. डीएनए नमुन्यांच्या हाताळणीतील दोष त्या निकालाच्या केंद्रस्थानी होते. नमुने ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावेत आणि ते कोणाच्या हातून कोणाकडे गेले याची नोंदवही ठेवावी, असे न्यायालयाला सांगावे लागले. म्हणजे प्रश्न वहीचा, सीलचा, वेळेच्या नोंदीचा होता. एक माणूस फासाच्या छायेत राहिला आणि मारल्या गेलेल्या दोघांना अद्याप न्याय नाही.

चंदीगड हे आटोपशीर शहर. केंद्रीय न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा तेथेच आहे. म्हणून पुढील प्रात्यक्षिक त्याच शहराने पहिल्या अर्ध्या तासाचे करून दाखवावे. एकटा अंमलदार, हातात दोरी आणि वही. समोर गर्दी, आत जाऊ पाहणारी मृताची आई, खिडकीला टेकलेला कॅमेरा आणि ‘जरा बघतो’ म्हणणारा वरिष्ठ. तो अंमलदार या सर्वांना, विशेषतः त्या वरिष्ठाला, थांबवू शकतो का? ते अधिकार आणि प्रशिक्षण त्याला मिळत नाही, तोवर महागड्या यंत्रांत आपण पायदळी तुडवलेली धूळच तपासत राहू. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळांच्या संख्येबरोबर हाही हिशेब मागावा.