विश्लेषण : देश २७, मग युरोपला कंपन्यांसाठी '२८वी व्यवस्था' कशाला हवी?

बर्लिनमधील स्टार्टअपला पॅरिस किंवा मिलानमध्ये माल विकायचा असेल तर सीमेवर कोणी अडवत नाही. अडवतात ते कागद. नव्या देशात शाखा वा उपकंपनी नोंदवायची, तिथला वकील गाठायचा, तिथल्या भाषेत दस्तऐवज करायचे. युरोपीय महासंघाची बाजारपेठ १९९३ पासून एक आहे. कंपनी कायदे मात्र २७. भारतात पुण्यात नोंदवलेली कंपनी आणि बंगळूरुत नोंदवलेली कंपनी एकाच कंपनी कायद्याखाली येतात. युरोपात तसे नाही. जर्मनीत 'जीएमबीएच' या प्रचलित कंपनी प्रकारासाठी किमान २५ हजार युरो भागभांडवल लागते आणि नोटरीशिवाय पान हलत नाही. एस्टोनियात हेच काम ऑनलाइन उरकते.

प्रस्ताव काय आहे?

राष्ट्रीय कायदे रद्द न करता त्यांच्या शेजारी एक समाईक, ऐच्छिक कंपनी प्रकार उभा करायचा. म्हणूनच ही '२८वी व्यवस्था'. एन्रिको लेट्टा आणि मारिओ द्राघी या इटलीच्या दोन माजी पंतप्रधानांनी २०२४ मधील आपापल्या अहवालांत ही कल्पना मांडली. जानेवारी २०२६ मध्ये दावोस येथे युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी तिला 'ईयू इंक' म्हटले आणि ४८ तासांत ऑनलाइन नोंदणीचे आश्वासन दिले.

घाईचे कारण द्राघी अहवालातच सापडते. २००८ ते २०२१ या काळात युरोपात अब्ज डॉलर मूल्याच्या १४७ स्टार्टअप जन्मल्या. त्यांपैकी ४० कंपन्यांनी मुख्यालय परदेशी हलवले, बहुतेकांनी अमेरिकेत. तिथल्या गुंतवणूकदाराला डेलावेअर राज्याचा कायदा पाठ असतो. युरोपात त्याला देशागणिक नवा कायदा वाचावा लागतो.

आधीचे प्रयत्न का फसले?

'सोसिएटास युरोपीआ' हा युरोपीय कंपनी प्रकार २००४ पासून अस्तित्वात आहे. पण त्यासाठी १ लाख २० हजार युरो भांडवल लागते आणि व्यक्तींना ती थेट स्थापन करता येत नाही. एअरबस, अलियान्झ यांना ती मानवली. गॅरेजमधल्या दोघांना नाही. शिवाय अनेक बाबी तिने राष्ट्रीय कायद्यांवर सोडल्या, त्यामुळे 'एक' कंपनी देशागणिक वेगळी झाली. २००८ मध्ये छोट्या उद्योगांसाठी आलेला खासगी कंपनीचा प्रस्ताव एकमताअभावी बारगळला. किमान भांडवल, नोंदणीचे ठिकाण आणि कामगारांचा सहभाग हे वादाचे मुद्दे होते.

यांपैकी तिसरा मुद्दा आजही सर्वात नाजूक आहे. जर्मनीत पाचशेहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात एक तृतीयांश जागा कामगारांच्या. दोन हजारांवर गेल्यास निम्म्या. 'सोसिएटास युरोपीआ' स्वीकारताना प्रतिनिधित्वाची जी पातळी असते, तीच पुढे कर्मचारी वाढले तरी साधारणपणे गोठून राहते. ही पळवाट कामगार संघटनांनी पाहिली आहे. त्यामुळे त्यांची शंका म्हणजे निव्वळ आडमुठेपणा, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नवी कंपनी सर्वात सैल कायद्याच्या देशात नोंदवून हे हक्क टाळता येऊ नयेत, ही अट मसुद्यातच हवी. तसे न केल्यास विरोध वाढेल आणि २००८ ची पुनरावृत्ती होईल.

दुसरी अट कायद्याच्या प्रकाराची. 'निर्देश' काढला तर प्रत्येक संसद तो आपापल्या पद्धतीने उतरवणार, म्हणजे पुन्हा २७ आवृत्त्या. सर्वत्र थेट लागू होणारे 'विनियम'च हवेत.

तरीही कर वेगळेच राहतील. कर्मचाऱ्याला दिलेल्या शेअर पर्यायांवर काही देश शेअर विकल्यावर कर लावतात, काही हातात पैसा येण्याआधीच. पगार कमी देऊन भागीदारी देणाऱ्या स्टार्टअपसाठी हा फरक नोंदणीच्या ४८ तासांहून मोठा आहे आणि करविषयक निर्णयांना महासंघात आजही सर्व २७ देशांची संमती लागते.