चिंचोक्यांवर पोकर खेळा

दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आले की ५२ पत्त्यांचा कॅट हमखास येतो. एक्का मिळण्याची संभाव्यता किती, असे विचारताच वर्गातला बरा मुलगा १/१३ सांगून गुण घेतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तोच मुलगा घरातला तीनपत्तीचा फड पाहतो, तेव्हा पदवीधर काका पत्ते न पाहताच ‘ब्लाइंड’ म्हणून नोटा टाकीत असतात! शाळेत पत्ता म्हणजे गणित आणि घरी पत्ता म्हणजे नशीब, ही फारकत सोवळ्या गुरुजींनी आणि बेफिकीर पालकांनी मिळून केली आहे. कन्नड शेजाऱ्यांच्या इस्पीटातही हेच चालते. या बाबतीत तरी सीमावाद नाही.

पत्ते म्हणजे पाप, असे म्हणणाऱ्यांनी नलाची कथा आठवावी. नल द्यूतात राज्य हरला खरे. पण ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची फळे क्षणात सांगितली, नलाने ती मोजून पाहिली, आणि त्याच्याकडून अक्षविद्या घेतल्यावरच तो पुष्कराला हरवू शकला. मोजणी आली आणि मग राज्य आले.

पोकरच्या नवशिक्याला मोजणीच नको असते. त्याला थाप मारायची असते, सिनेमातल्यासारखा दगडी चेहरा करायचा असतो. टेक्सास होल्डेम या प्रकारात हाती दोन पत्ते येतात आणि मध्ये सर्वांचे मिळून पाच उघडतात. हाती जोडी येण्याचा योग १७ डावांत सरासरी एकदा, दोन एक्के येण्याचा २२१ डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळा हाती कचराच येणार. तो मुकाट्याने टाकणे, आपल्या भाषेत ‘पॅक’ होणे, ही या खेळातली पहिली विद्या. ती कंटाळवाणी आहे, म्हणून कोणाला नको असते. थाप नंतर शिकावी. आणि जो कधीच पॅक होत नाही, त्याच्यापुढे थाप मारणे तर शुद्ध वेडेपणा.

दुसरी विद्या त्रैराशिकाची. समजा, हातातले दोन आणि मधले दोन मिळून चार बदाम जमले, एकच पत्ता उघडायचा उरला. न पाहिलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे पाचवा बदाम येण्याची शक्यता शेकडा २० हून किंचित कमी. मध्ये ६० चिंचोके आहेत आणि पुढे राहायला २० टाकायचे आहेत. ८० तले २० आपले, म्हणजे शेकडा २५ शक्यता हवी. ती नाही, पॅक व्हा. मध्ये १०० असते तर १२० तले २०, म्हणजे शेकडा १७ पुरती, तेव्हा राहा. राहूनही पाचांत चार वेळा हराल, आणि तरीही निर्णय बरोबरच असेल! हे एवढे ज्याला पचले, तो नवशिका राहिला नाही. मी पाहिलेल्या पदवीधरांपैकी फार थोड्यांना ते पचले.

मग पैसे लावून का खेळू नये? सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले, आणि त्या ‘कौशल्या’च्या नावाखाली पुढे मोबाइलवरच्या जाहिरातींनी कितीतरी पोरांचे खिसे कापले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कौशल्य असो वा नशीब, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. माझ्या मते योग्यच केले. कौशल्य खोटे होते असे नव्हे. पण चांगल्या खेळाडूची सरशी बारीक असते, ती हजारो डावांनंतर दिसते, आणि अड्डेवाला प्रत्येक डावातून नाल काढतो ती मात्र लगेच दिसते. मांडवीतल्या जहाजांवर जाणाऱ्यांनी हे गणितही वहीत मांडावे. दहावीच्या मुलाला येईल असे ते आहे.

पैशाविना पोकर म्हणजे मिठाविना आमटी, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी प्रत्येकी २०० चिंचोके घेऊन महिनाभर बसावे. हरलेला डाव लिहून ठेवताना पुढे रकाना ठेवावा : हातात काय होते, मध्ये किती होते, किती टाकले, का टाकले. चौथ्या रकान्यात ‘वाटले म्हणून’ एवढेच लिहावे लागते, असे पहिल्या आठवड्यातच दिसेल. माझ्या ओसरीवर यंदा तसाच फड बसणार आहे. ब्लाइंडवाल्या काकांनाही आमंत्रण आहे, वही मात्र आणावी लागेल.