क्लब कुणाचा आणि सोसायटी कुणाची?



खते-बियाण्यांच्या या सदरात फुटबॉल कुठून आला, असे तुम्ही म्हणाल. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या आपल्या मुलांना विचारा. बालेवाडीचे मैदान त्यांना ठाऊक असते. त्या मैदानाची हकिगत आपल्या दूध संस्थेला आणि विकास सोसायटीला चांगलीच लागू पडते, म्हणून सांगतो.

वाकडच्या पलीकडे म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले. पुढे चार क्लब तिथे खेळले. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली निघाला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१४-१५ च्या हंगामानंतर त्याचा मोठा संघ बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी त्या लीगमध्ये एकच हंगाम टिकला, डीएसके शिवाजियन्स दोन. २०१४ पासून खेळणारा एफसी पुणे सिटी पैशांच्या ओढाताणीत २०१९ साली बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या क्लबाला मिळाली.

नारिंगी सदरे घालून ओरडणाऱ्या त्याच्या चाहत्यांनी काय करायचे होते? त्यांच्याजवळ तिकीट होते, मत नव्हते. रोज वैरण घातली म्हणून बैल आपला होत नाही, बाजारची पावती कुणाच्या नावावर आहे ते पाहावे लागते.

चाहत्यांचा राग अगदीच वाया जातो असेही नाही. केरळ ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’ या चाहत्यांच्या संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये व्यवस्थापनाच्या निषेधार्थ तिकिटे न घेण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात प्रशिक्षक गेला. मालक मात्र तेच राहिले.

स्पेनमधील बार्सिलोना क्लबाची तऱ्हा निराळी. तो क्लब सभासदांचा आहे आणि अध्यक्ष ते मताने निवडतात. २०२० साली कारभारावर नाराज सभासदांनी अविश्वासासाठी सह्या गोळा केल्या. १६,५२० हव्या होत्या, जमल्या वीस हजारांवर. मतदान होण्याआधीच, २७ ऑक्टोबरला, अध्यक्ष बार्तोमेऊ आणि त्यांच्या मंडळाने राजीनामे दिले. जर्मनीतही बहुतेक मोठ्या क्लबांत निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हाती राहील, असा १९९८ पासूनचा नियम आहे.

आता आपल्याकडे पाहा. बार्सिलोनाच्या सभासदाला जे आहे, ते गावच्या सोसायटीच्या सभासदाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने केव्हाच दिले आहे. शेअर एक असो की शंभर, मत एकच. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते (कलम ७६). तितक्याच सभासदांचा अर्ज गेला तर निबंधक कलम ८३ खाली चौकशी लावू शकतात. म्हणजे पाचशे सभासदांच्या संस्थेत शंभर सह्या. एका आळीत मिळतील.

पण आपल्या वार्षिक सभा कशा होतात, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. सचिव अहवाल घाईने वाचतात, मागून “मंजूर, मंजूर” असा आवाज येतो, चहा फिरतो आणि अर्ध्या तासात सतरंज्या गुंडाळल्या जातात. बाईच्या नावावर शेअर असला तरी सभेला जातो तो तिचा मुलगा. चाकणच्या कारखान्यात कामाला गेलेला सभासद तर फिरकतही नाही, आणि मग पारावर मात्र वर्षभर चेअरमनच्या नावाने बोटे मोडायची.

वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर अखेरपर्यंत घ्यावी लागते. तिच्या आधी एक दिवस काढा. कलम ३२ प्रमाणे पोटनियम, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि मागच्या सभेचे इतिवृत्त संस्थेच्या कचेरीत कामाच्या वेळेत सभासदाला फुकट पाहता येते. नक्कल हवी तर फी भरून मागता येते. अर्ज लेखीच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ताळेबंदात आधी थकबाकीचा आकडा पाहा, मग प्रवास आणि किरकोळ खर्चाचा. मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवलात की काय विचारायचे ते आपोआप सुचेल.