कोठारं कुठे बांधायची, हे गावाला विचारा



रिंगरोड आणि हलगा-मच्छे बायपासच्या विरोधात बेळगाव भागातले शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टातही गेले. ते सगळ्यांना दिसलं. पण पिकाऊ जमीन जाण्याची दुसरीही एक वाट आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ती वाट म्हणजे माल साठवायची मोठाली गोदामं आणि ट्रकांचे तळ.

रस्त्यासाठी जमीन घ्यायची तर सरकारला नोटीस काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात, भरपाई द्यावी लागते. गोदामाची जमीन सहसा खाजगी खरेदीने जाते. आज एकाने विकली, उद्या बांधावरच्याने. २०२० साली कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यात बदल झाला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेता येऊ लागली. खरेदी झाली, बिनशेती झाली, की पत्र्याची शेड उभी. मोर्चा काढायचा तर तो कुणाच्या दारात?

गोदामांना आपला भाग सोयीचा का, तेही समजून घेऊ. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. त्याआधी करांमुळे कंपन्या राज्याराज्यात वेगळे डेपो ठेवत. आता थोड्याच ठिकाणी, पण मोठी गोदामं परवडतात. त्याच वर्षी केंद्राने या धंद्याला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, त्यामुळे कर्ज मिळणं सोपं झालं. बेळगाव पुणे-बंगळूर महामार्गावर, गोव्याजवळ आणि दोन राज्यांच्या सीमेवर. व्यापाऱ्याची नजर इकडे वळणारच.

गोदामं नकोतच असं मी म्हणत नाही. आपल्या मुलांना काम हवं आहे. जमीन विकणाऱ्यालाही मी दोष देत नाही. दवाखान्याचं बिल, मुलीचं लग्न, खताचा खर्च, या ओझ्याखाली माणूस सही करतो. माझा प्रश्न जागेचा आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या शिवारात बासमती पिकतो आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. अशी जमीन पुन्हा तयार करता येत नाही. गोदामाला मात्र सुपीक माती लागत नाही, त्याला माळही चालतो.

पाण्याचंही तसंच. दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं आणि रोपं कुजतात. वरच्या अंगाला भराव टाकून काँक्रीट केलं, तर आज मातीत मुरणारं पाणीही खालच्या शेतकऱ्याच्याच वाफ्यात येईल. ज्याने एक गुंठाही विकला नाही, त्याचं पीक बुडेल. आणि भांगलणीला, लावणीला जाणाऱ्या बायकांचं काय? उताऱ्यावर त्यांचं नाव नाही. विक्रीचे पैसे त्यांना मिळत नाहीत, हातचा रोजगार तेवढा जातो.

लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत शेतकरी आपल्याला ठाऊक आहे. पीक अमाप आलं, म्हणून त्याने जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवलं. त्याच रात्री त्याला बोलावणं आलं. प्रभूने त्याला मूर्ख ठरवलं. पण त्याच्या कोठारात निदान त्याच्याच शेताचं धान्य जाणार होतं. आपण शेतच मोडून त्यावर कोठार बांधायला निघालो आहोत, आणि आत माल दुसऱ्याचा! ८ सप्टेंबरला, मारिया माउलीच्या जन्मदिनी, आपल्यातली कितीतरी घरं नवी कणसं आशीर्वादासाठी देवळात नेतात. ती कणसं पुढे बाजारातून विकत आणायची का?

मग करायचं काय? शहर आणि भोवतालच्या गावांचा आराखडा बुडा तयार करते. मसुदा प्रसिद्ध करून तिला लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. कुठलं शिवार हिरवं राहणार आणि कुठे उद्योग येणार, ते त्या नकाशात ठरतं. बोलायची वेळ तीच. शेड उभी राहिल्यावर बोलून उपयोग नाही. नोटीस कन्नडमध्ये असते आणि आपल्यातल्या वयस्करांना ती वाचता येत नाही, हे खरं. पण नातवंडं शाळेत कन्नड शिकतात, त्यांच्याकडून वाचून घ्या. हरकत मराठीत लिहायलाही घाबरू नका. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे.

ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. तिथे जाऊन पंचायतीला तीन गोष्टी विचारा. औद्योगिक वसाहतींतले रिकामे भूखंड आधी का वापरत नाही? पावसाचं पाणी कुठे सोडणार? गावातल्या किती जणांना, किती पगारावर काम देणार, हे लेखी देणार का?

धर्मग्रामाच्या समित्यांना माझी विनंती आहे. फेस्ताच्या तयारीला आपण चार-चार बैठका घेतो. त्यातली एक या विषयाला द्या आणि शेजारच्या हिंदू, मुस्लिम, जैन शेतकऱ्यांनाही बोलवा. नाल्याचं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव