पेर्ते व्हा की ब्रेनफीव्हर?

मंडळी, हल्ली घरोघरी एक नवीनच दुरुस्ती चालते. लेकरू कुत्र्याकडे बोट दाखवून "भू भू" म्हणालं की आई लगेच म्हणते, "भू भू नाही रे सोन्या, बाव-वाव म्हण!" जणू कुत्र्याने स्वतः येऊन सांगितलंय की माझा खरा उच्चार इंग्रजीतलाच.

अहो, तोच कुत्रा जपान्यांना 'वान वान' ऐकू येतो, रशियनांना 'गाव गाव'. कोंबडा जर्मनीत 'किकेरिकी' करतो, फ्रान्समध्ये 'कोकोरिको', आपल्याकडे 'कुकूचकू'. कोंबडा सगळीकडे एकच, कान निराळे! प्रत्येक भाषा आपल्याजवळच्या ध्वनींतच तो आवाज बसवते. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाच्या १९१६ साली निघालेल्या पुस्तकातही हेच आहे, की असे शब्द हुबेहूब नक्कल नसतात, त्यांतही संकेत असतो. मग बाव-वाव बरोबर आणि भू भू चूक, हे ठरवलं कुणी?

पावशाचंच बघा. पावसाच्या तोंडावर तो ओरडू लागला की आपल्या शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' ऐकू येतं. हिंदीवाल्यांना 'पी कहाँ', बंगाल्यांना 'चोख गेलो', म्हणजे डोळे गेले! इंग्रज साहेबाला इथल्या उन्हाळ्यात ऐकू आलं 'ब्रेनफीव्हर'. ज्याच्या मनात जे, ते त्याच्या कानात. आता 'पेर्ते व्हा' ही अडाणी समजूत आणि 'ब्रेनफीव्हर' म्हणजे पक्षीशास्त्र, हा कुठला न्याय?

काहीजण म्हणतात, "नक्कलच ती, एक गेली दुसरी आली, बिघडलं काय?" बिघडतं. नकलेच्या पाठोपाठ शब्दांचं अख्खं कुटुंब येतं. गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. नुसतं 'मू' शिकलेल्या मुलाच्या कानावर 'हंबरणं' कधी पडणारच नाही. मग पुढे एखाद्या कथेतल्या आईने फोडलेला हंबरडा त्याच्या काळजाला भिडायचा कसा?

इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा. बाव-वावही येऊ दे. पण त्यासाठी भू भू खोडू नका. भाषेतला पहिला शब्दच चुकीचा ठरवलात, तर पुढच्या शब्दांवर मूल विश्वास कशाला ठेवेल?

आणि हो, येत्या पावसाळ्याआधी नातवंडांना पावशा ऐकवा. आधी काही सांगू नका. त्यांना काय ऐकू आलं ते विचारा, आणि मलाही कळवा.